हळकुंडाएवढी फट

रायपूरच्या समता कॉलनीतल्या काळमेघांच्या घरचा सोफा उन्हाळ्यापासून गच्चीवर राहत होता. त्याच्यावर निळी ताडपत्री, ताडपत्रीवर विटा. रोज संध्याकाळी बाबाराव काळमेघ वर जायचे, ताडपत्रीचा एक कोपरा उचलायचे आणि दवाखान्यात भेटीच्या वेळी बघावं तसं आत बघायचे. मग खाली येऊन कोणालाही न उद्देशून म्हणायचे, "हाय बिचारा. हाय तसाच हाय."

सोफ्यावर ही पाळी आली ती सुनेच्या श्रीखंडामुळे.

अनुश्रीचं श्रीखंड कॉलनीत आधीपासून नावाजलेलं होतं. वाढदिवस, बारसं, डोहाळेजेवण, काहीही असलं की लोक डबे घेऊन यायचे आणि श्रीखंड घेऊन जायचे. मग तिने शाळेतली नोकरी सोडली आणि घराची पुढची खोली मागितली. पुढची खोली म्हणजे बाबारावांची बैठक. तिथे रेल्वेतून रिटायर झालेली मंडळी रोज जमायची आणि सरकारचं कसं चुकतं ते सरकारला ऐकू जाणार नाही इतक्या मोठ्याने बोलायची. सरकारं बदलली, पण बैठकीने आपला कार्यक्रम बदलला नाही.

अशी खोली मागणं सोपं नव्हतं. पण निरंजन, म्हणजे अनुश्रीचा नवरा, त्या आठवड्यात नेमका धीट झाला होता, आणि सासूबाई शांताबाईंना त्या मंडळींचे चहाचे कप विसळून कंटाळा आला होता. दोन मतं तिकडे गेल्यावर बाबारावांनी नाइलाजाने खोली दिली. मात्र अट घालून दिली.

"दिवाळीपर्यंत," ते म्हणाले. "दिवाळीच्या ऑर्डरी नीट निभावल्या तर खोली तुई. नाई निभावल्या तर माहा सोफा खाली येते."

"आणि मी श्रीखंडासाठी घेणार ते गार काउंटर?" अनुश्रीने विचारलं.

"ते गच्चीवर जाईन. ताडपत्री हायेच."

शाळेत परत जाणं म्हणजे त्याच मुख्याध्यापिकाबाईंसमोर उभं राहणं, ज्यांना राजीनामा देताना अनुश्री म्हणाली होती, "मॅडम, आता माझ्या दुकानाच्या उद्घाटनालाच भेटू." मॅडम उद्घाटनाला आल्याही होत्या. पेढा खाऊन, चारी बाजूंना बघून म्हणाल्या होत्या, "जागा रिकामीच ठेवली आहे हं अजून तुझी." त्यामुळे दिवाळीपर्यंत श्रीखंड गार राहणं हा अनुश्रीच्या दृष्टीने नुसता श्रीखंडाचा प्रश्न राहिला नव्हता.

काउंटर आलं ते मात्र देखणं आलं. पुढून वाकडी काच, आत पांढरा उजेड, तीन फळ्या. निरंजनने ते पसंत केलं ते त्यातल्या एका करामतीमुळे. गार करणारं सगळं यंत्र एका डब्यात होतं आणि तो डबा काउंटरच्या पोटाखालून टेबलाच्या खणासारखा बाहेर ओढता यायचा. दुकानदाराने शोरूममध्ये तो दोनदा बाहेर काढून दाखवला, आत घातला. "देखिए भैया, बिगड़ा तो पूरा काउंटर नहीं जाएगा. बस इतना डिब्बा." निरंजनने घरी येऊन बाबारावांसमोर हेच भाषण केलं, फक्त हातात डबा नव्हता.

काउंटरच्या तळाला दोन खिडक्या होत्या. एकीतून गार हवा वर चढायची, दुसरीतून कोमट झालेली खाली यायची. डबा आत सरकवला की बाजूचा दांडा खाली दाबायचा. मग डबा वर उचलला जायचा आणि त्याच्या काठावरची काळी रबराची पट्टी त्या खिडक्यांभोवती घट्ट बसायची. दांडा 'खट' असा वाजला की समजायचं, आता गार हवा कुठे जाणार नाही. एवढंच त्यातलं शास्त्र. रबर घट्ट बसलं तर ते काउंटर, नाही तर काचेचं कपाट.

बाबारावांनी ते रबर बोटाने दाबून पाहिलं आणि मान हलवली. "पॅकिंग चांगलं दिलं हाय."

याबाबतीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. बाबाराव जन्मभर रेल्वेच्या स्टोअरमध्ये होते आणि त्यांनी जितकं रबर पॅकिंग खिडकीतून बाहेर दिलं तितकं क्वचितच कोणी दिलं असेल. ते पॅकिंग नेमकं कुठे लागतं, हे बघायचं काम मात्र दुसऱ्या सेक्शनचं होतं आणि बाबारावांनी कधी दुसऱ्याच्या सेक्शनमध्ये पाय ठेवला नाही.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. काउंटर गार राहिलं, दुकान चाललं. इतकं चाललं की पुरानी बस्तीतून लोक स्कूटरवर यायला लागले. बाबाराव काळजीत पडले. आणि मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला काळमेघांकडे पाटा, विळी, निरंजनची मोटरसायकल, शांताबाईंची शिलाई मशीन अशी सगळ्यांची पूजा होते. यंदा काउंटरचीही करायची ठरली. अनुश्रीने काचेला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. बाबाराव लांबून बघत होते.

"हे काय करून राहिली वं?"

"पूजा, बाबा."

"ही काचेची पूजा झाली. यंत्राची कुठं झाली? यंत्र तर खाली हाय."

"त्याच्यावरच तर आहे ना हे सगळं."

"म्हणजे रेल्वेच्या इंजनाची पूजा करायची तर तू गाडीच्या डब्याले हार घालशीन? निरंजन, काढ बे ते बाहेर."

इतकी वर्षं लोक फ्रिजच्या दाराला कुंकू लावून वेळ मारून नेत आले, कारण यंत्र हाती लागत नव्हतं. इथे ते खणासारखं बाहेर येत होतं. निरंजनने दांडा उचलला, डबा ओढला, पाटावर ठेवला. बाबारावांनी आंघोळीनंतरचं धोतर नेसून यथासांग पूजा केली. रेल्वेत विश्वकर्मा पूजेला साहेब लोकांच्या मागे उभं राहून त्यांनी जे जे पाहिलं होतं ते सगळं केलं. शेवटी लाल-पिवळा नाडा घेतला आणि डब्याला उभे वेढे दिले. लग्नाच्या वेळी जात्याला बांधतात तसं एक ठसठशीत हळकुंड वेढ्यात अडकवलं आणि मागच्या कोपऱ्यावर, अगदी त्या काळ्या रबराच्या वर, रेल्वेत पार्सलला मारतात तशी गाठ मारली.

"आता कोनाची हिंमत हाय बिघडवायची," ते म्हणाले.

हिंमत कोणाला करावीच लागली नाही. निरंजनने डबा आत सरकवला, दांडा दाबला. 'खट' काही वाजेना. त्याने गुडघा लावून दाबला. दांडा अर्ध्यावर आला आणि थांबला.

"टाइट होऊन राहिला जरा," निरंजन म्हणाला.

"पूजा झाल्यावर वस्तू घट्टच बसते," बाबाराव म्हणाले.

दसरा झाला आणि काच घामेजायला लागली. आधी कोपऱ्यात, मग सगळी. आतलं श्रीखंड गाडीच्या धुकट काचेतून दिसावं तसं दिसायला लागलं. चक्का आंबट झाला. एका बाईंनी वाटीभर श्रीखंड परत आणून काउंटरवर ठेवलं आणि अत्यंत प्रेमाने म्हणाल्या, "अनु, कढी छान होईल याची."

गुढियारीहून तुळशीराम मिस्त्री आला. तुळशीरामची पद्धत साधी होती. कोणतंही यंत्र गार होईना की त्यातला गॅस संपलेला असायचा. त्याने डबा बाहेर ओढला, पाहिलं, आणि त्याचे हात जागच्या जागी थांबले.

"पूजा झाली हाय का याची, बाबूजी?"

"खंडेनवमीची."

तुळशीरामने चपला काढल्या, नाड्याला दोन बोटं लावून कपाळाला लावली. मग नाडा कुठेही हलणार नाही अशा बेताने, मांडीवरच्या झोपलेल्या पोराला न उठवता वर्तमानपत्र वाचावं तसं, त्याने सगळं यंत्र तपासलं, गॅस भरला आणि डबा आत घातला.

"खट नाही वाजलं, तुळशीराम," अनुश्री म्हणाली.

"दीदी, कंपनीचा माल हाय. नवीन असते तवा वाजते. जुना झाला का शांत होते. माणसासारखं हाय ते." आणि दांडा वर येऊ नये म्हणून त्याने त्याला चिकटपट्टी लावली.

दोन दिवसांनी काच पुन्हा घामेजली. बाबारावांनी परिस्थितीचा विचार केला आणि पूजा कमी पडल्याचं त्यांच्या लक्षात आलं. डबा पुन्हा बाहेर आला. पहिल्या नाड्यावर दुसरा नाडा बसला, पहिल्या हळकुंडाशेजारी दुसरं हळकुंड बसलं, आणि नजर लागू नये म्हणून एक सुपारी. या वेळी दांडा अर्ध्यावरही येईना. तेव्हा निरंजनने डब्याखाली मागून एक वीट दिली. वीट गच्चीवरच्या ताडपत्रीवरची होती. त्या दिवसापासून वारा सुटला की वर सोफ्याची ताडपत्री फडफडायची आणि खाली बाबारावांचा जीव.

तरी ते खाली हजर असायचे. संकटकाळी कुटुंबप्रमुखाने दुकानात असावं म्हणून त्यांनी काउंटरच्या मागे वेताची खुर्ची टाकली होती. तिथून त्यांना गिऱ्हाईक दिसायचं, रस्ता दिसायचा आणि सून हरत चाललेली दिसायची. दुपारची झोपसुद्धा ते आता तिथेच काढायला लागले.

"तुमाले खोलीत काहून नाही झोपवत?" शांताबाईंनी विचारलं.

"इथं बरं वाटते," बाबाराव म्हणाले. "दुकानाले माणूस लागते."

मग कंपनीचा माणूस आला. यशदीप त्याचं नाव. मुलगा आपल्यातलाच, आजोबा वर्ध्याहून आलेले. मराठी सगळी कळायची, पण उत्तर हिंदीतच द्यायचा. त्याच्याकडे मोबाइल होता, मोबाइलमध्ये कंपनीने दिलेले प्रश्न होते, आणि एका प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडत नव्हता. त्याने डबा बाहेर ओढला. दोन नाडे, दोन हळकुंडं, एक सुपारी, त्यावर वाळलेली झेंडूची पाकळी. यशदीपने हात जोडले आणि तो दोन पावलं मागे झाला.

"काय झालं?" अनुश्रीने विचारलं.

"भाभी, ये तो धार्मिक सामग्री है."

"मग?"

"कंपनी का सख्त आदेश है. ग्राहक की धार्मिक सामग्री को हाथ नहीं लगाना. पिछले साल कहीं पे लफड़ा हो गया था."

"अरे, पण रबर तरी बघ ना. ते नीट बसून राहिलं का?"

यशदीपने गुडघे टेकले, मान वाकडी केली आणि हात पाठीमागे बांधून रबर पाहिलं. मग मोबाइलमधला प्रश्न वाचला. "गैस्केट साफ है?" रबर स्वच्छ होतं. हळदीचा हात लागल्याने उलट पवित्रही होतं. त्याने 'हो' दाबलं. "गैस्केट फटा है?" फाटलं नव्हतं. "गैस्केट पर तेल, धूल, बर्फ?" यातलं काहीच नव्हतं. हळकुंडाबद्दल कंपनीने विचारलं नव्हतं. कंपनीचा मुख्य कारखाना ज्या देशात होता तिथे कोणाला ते सुचलं नसावं.

"भाभी, मशीन में कोई खराबी नहीं है," यशदीप म्हणाला. "काँच कम खोला करो."

"न उघडता विकू कसं?"

यासाठीही मोबाइलमध्ये जागा नव्हती.

तो गेल्यावर बाबाराव म्हणाले, "पोट्टा चांगला हाय. संस्कार हायेत."

त्याच आठवड्यात नीलिमाताई आल्या. नीलिमाताई महिला मंडळाच्या अध्यक्ष. मंडळाचा दिवाळीचा फराळ-मेळावा धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी होता आणि त्याचं सगळं श्रीखंड अनुश्रीकडून घ्यायचं ठरलं होतं. ही ऑर्डर निभली की खोलीचा निकाल लागला, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. नीलिमाताईंनी धुकट काचेवर बोटाने एक गोल पुसला आणि त्यातून आत पाहिलं.

"अनु, लोक बोलून राहिले गं."

"कोण लोक?"

"सगळेच. म्हणजे मीच. सोमवारी येते मी नमुना चाखायला. आंबट निघालं तर मले दुसरीकडं सांगा लागते. मनावर नको घेऊ."

बाबाराव खुर्चीत बसून हे ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण ते सोफ्याला उन्हात ठेवताना होतं तितकं नव्हतं.

"निरंजन," ते म्हणाले, "सोफा खाली आनाले चार मानसं लागतीन. सांगून ठेव." आणि मग, "शांता, मले मोजे दे बरं."

"मोजे?" शांताबाई पदराने वारा घेत होत्या. पंखा पूर्ण वेगाने फिरत होता आणि नुसता गरम हवा ढवळत होता.

"पाय गार पडून राहिले."

रायपूरच्या ऑक्टोबरात पाय गार पडणं ही गोष्ट कोणत्याही कुटुंबाला घाबरवायला पुरेशी आहे. शुगर, बीपी, नसा, रक्त पोचत नाही, सगळी नावं जेवणाआधीच घेऊन झाली. शांताबाई डोळे पुसायला लागल्या. बाबारावांना लगेच कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टरांनी पायाला हात लावला. पाय गरम होते.

"घरी गार होते हो," शांताबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी रक्त काढलं, ईसीजीची पट्टी काढली, वयाला धरून चार गोष्टी सांगितल्या आणि तीन तपासण्या लिहून दिल्या. सगळं जागेवर निघालं. मंडळी घरी आली. बाबाराव खुर्चीत बसले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "आता पाहा."

अनुश्रीने हात लावला. पाय बर्फासारखे.

"बाबा, जरा उठता?"

"काहून?"

"उठा तर खरं."

ते उठले. तिने त्यांना आतल्या खोलीत पलंगावर बसवलं आणि थोड्या वेळाने पुन्हा पायांना हात लावला. पाय गरम होते. मग ती दुकानात गेली आणि रिकाम्या खुर्चीत स्वतः बसली, चपला काढून, पाय बाबारावांसारखे पुढे पसरून. काउंटरच्या मागच्या कोपऱ्यातून, खालून, एक बारीक थंडगार झुळूक तिच्या घोट्यांवरून गेली. फार सुरेख वाटलं. अनुश्रीला वाटलं, आपण इथून उठूच नये. वीज जळत होती, गॅस भरला होता, कंपनी म्हणत होती की मशीन उत्तम आहे, आणि कंपनीचं खरं होतं. मशीन उत्तमच चाललं होतं. फक्त श्रीखंडाऐवजी ते सासऱ्यांना गार करत होतं.

तिने चिकटपट्टी काढली, वीट काढली, दांडा सोडला आणि डबा ओढला. दोन नाडे, दोन हळकुंडं, सुपारी. हळकुंडांनी काळ्या रबरात बसून आपापले आकार उमटवले होते. ती डबा तसाच ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि कात्री घेतली.

"कायसाठी ती?" शांताबाईंनी विचारलं.

अनुश्रीने सगळं सांगितलं. शांताबाईंनी ऐकलं आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडून निघालं, "म्हणजे यायले, तुया सासऱ्याले, काही झालं नाई ना?"

"काही नाही. बाबा ठणठणीत आहेत. काउंटर आजारी आहे."

"मग कात्री ठेव खाली."

"आई, दोन नाड्यांचं काम आहे! सोमवारी नीलिमाताई येणार."

"तू कापशीन. काउंटर गार होईन. मग पुढं कवा तरी लाइट जाईन, बिघडनच ना कवा तरी, मशीन हाय ते. तवा हे म्हनतीन, सुनेनं पूजेचा नाडा कापला म्हनून झालं. जलमभर ऐकशीन. अन सोफा तर उद्याच खाली येईन."

"मग त्यांना सांगते, तुमच्या हळकुंडाने झालं म्हणून."

शांताबाईंनी सुनेकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तिने नुकतीच दहावी दिली आहे. "यायले? यायची चूक? बाई, मी यायच्यासंगं चाळीस वर्सं राहिली. यायची चूक झाली, असं अजून एकदाही झालं नाई."

कात्री खाली गेली. दोघी बराच वेळ मटार सोलत बसल्या. मग शांताबाईंनी हातातली शेंग ठेवली.

"खंडेनवमीले जे पूजतो," त्या सावकाश म्हणाल्या, "ते दसऱ्याले उतरवतो ना आपन? विळी काय वर्सभर पाटावर ठेवली?"

संध्याकाळी बाबाराव पानावर बसले तेव्हा शांताबाईंनी भाकरी वाढता वाढता, अगदी सहज, भिंतीकडे बघून म्हटलं, "मले एक समजत नाई. गनपती बसवला का उत्तरपूजा करतो. मशीनची काहून नाई केली कोनी?"

बाबारावांचा घास हातात राहिला.

"काय?"

"नाई, मी आपली इचारून राहिली. पूजा करून ठेवली अन देव तसाच बसवून ठेवला. दसरा गेला, कोजागिरी गेली. तो बिचारा काय करन? त्याले जाऊ दिलं नाई, तर तो काम कसं करन?"

बाबारावांनी भाकरी अर्धी टाकली, हे घरात कधी झालं नव्हतं. रेल्वेच्या स्टोअरमध्ये जन्म काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते. वस्तू बाहेर दिली आणि परत आल्याची नोंदच नसली, की ती वस्तू बाहेरच अडकून पडते. आपल्या हातून अशी नोंद राहिली, हे त्यांच्या मनाला लागलं. यंत्राचं काही कळत नाही असं कोणी म्हटलं असतं तर ते भांडले असते. काम अर्धवट सोडलं, हे मात्र त्यांना सहन होणारं नव्हतं.

"मी मनातच म्हनत होतो," ते शेवटी म्हणाले, "काईतरी राहून गेलं. कोनालेच समजलं नाई."

"तुमालेच समजते, बाबा," अनुश्री म्हणाली. हे वाक्य तिला जड गेलं, पण शाळेत परत जाण्यापेक्षा हलकं होतं.

रविवारी सकाळी कूलिंग युनिटची उत्तरपूजा झाली. यंत्रांच्या इतिहासात हे कुठे नोंदलं गेलं असेल असं वाटत नाही. डबा पाटावर, पुढे उदबत्ती, दहीपोह्याचा नैवेद्य. निरंजन हात जोडून उभा. बाबारावांनी हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, डबा जागेवरून वीतभर हलवला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पुनरागमनाय च!"

अनुश्री दचकली. "आई! पुन्हा या म्हणाले!"

"थे हळकुंडाले म्हटलं," शांताबाई कुजबुजल्या. "डब्याले नाई. उभी राह्य गुपचूप."

मग बाबारावांनी स्वतःच्या हाताने गाठी सोडल्या. पार्सलच्या गाठी होत्या, पण ज्याने मारल्या त्यालाच सुटत होत्या. नाडे, हळकुंडं, सुपारी, पाकळी, सगळं द्रोणात ठेवलं. खारून नदीत सोडायला निरंजनला मोटरसायकलवर महादेव घाटाला पिटाळलं. अनुश्रीने ओल्या फडक्याने रबर चारी बाजूंनी पुसलं. हळकुंडांचे खड्डे बोटाने चोळले, तेव्हा रबर हळूहळू वर आलं. डबा आत सरकवला. दांड्यावर हात ठेवला आणि दाबला.

खट.

तो आवाज घरात सगळ्यांनी ऐकला. बाबारावांनी वीट उचलली, काखेत धरली आणि ते गच्चीवर गेले.

संध्याकाळपर्यंत काच स्वच्छ झाली. सोमवारी नीलिमाताई आल्या, चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा दुसऱ्या चमच्यासाठी हात पुढे केला. मेळाव्याच्या दिवशी श्रीखंड संपल्यावर दोन बाया एका पातेल्याचा काठ पुसून खाताना दिसल्या. त्यातली एक मुख्याध्यापिका होती, आणि तिने अनुश्रीशी जागेबद्दल काही बोलणं काढलं नाही.

मध्ये यशदीप येऊन गेला. तक्रार बंद करायची होती आणि कारण लिहिल्याशिवाय मोबाइल ती बंद करू देत नव्हता.

"लिही," बाबाराव म्हणाले. "उत्तरपूजा राहून गेली होती."

यशदीपने बराच विचार केला आणि लिहिलं, 'प्रक्रिया अधूरी थी, ग्राहक ने स्वयं पूर्ण की.' ही भाषा कंपनीला इतकी आवडली म्हणे की ती आता सगळ्यांना नमुना म्हणून पाठवतात. तुळशीरामनेही धंद्यात सुधारणा केली आहे. कुठेही गेला की आधी विचारतो, "पूजा उतरवली हाय का?" गॅस त्यानंतर भरतो. बाबारावांना दोनदा घरी बोलावून नेऊन लोकांनी आपापल्या फ्रिजबद्दल सल्ला विचारला. त्यांनी तो दिला. अशा रीतीने त्यांची बैठक परत भरायला लागली. फक्त ती आता दुसऱ्यांच्या घरी भरते आणि चहाचे कप दुसऱ्या शांताबाई विसळतात.

भाऊबीज झाल्यावर एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अनुश्री काच पुसत होती. बाबाराव वेताच्या खुर्चीत, नेहमीच्या जागी बसले होते. त्यांनी पाय पुढे पसरले, मागे घेतले, पुन्हा पसरले. झोप लागेना.

"अनु."

"काय बाबा?"

"खोली तुई झाली."

अनुश्रीचा हात काचेवर थांबला. इतक्या दिवसांत तिने या वाक्याची उत्तरं पाठ केली होती, आणि आता त्यातलं एकही आठवेना. "आणि सोफा?"

"मंडळाच्या हॉलमधी देऊन टाकू. गच्चीवर खराब होऊन राहिला. मले काय, ही खुर्ची पुरते." त्यांनी दारात बघितलं. स्वयंपाकघरातून शांताबाईंच्या भांड्यांचा आवाज येतो आहे, याची खात्री करून घेतली. मग आवाज खाली आणून म्हणाले,

"मे महिन्यात लय गरम होते वं इथं."

"होतं ना."

"तवा एक बांधू काय? लहानसं. मागच्या कोपऱ्याले." त्यांनी करंगळीचं टोक दाखवलं. "मी म्हटलंच होतं तवा, पुनरागमनाय च."

अनुश्रीने त्यांच्याकडे पाहिलं. बाबाराव रस्त्याकडे बघत होते, चेहरा स्टोअरच्या खिडकीत बसल्यासारखा.

"दुपारी दोन ते चार," ती म्हणाली. "गिऱ्हाईक नसताना."

"चालन," बाबाराव म्हणाले, आणि पाय मागे घेऊन झोपी गेले.